भंगाराच्या वाटेवरून परतलेल्या गाड्या

१९७२ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या व्हिक्टोरिया गावच्या हायस्कूलने एक जुनी गाडी विकून टाकली. मोटार-मेकॅनिकच्या वर्गातल्या पोरांचा हात बसावा म्हणून कुणीतरी ती शाळेला देऊन टाकलेली. तिचे आले ६,५०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण पन्नास हजार रुपये. ती गाडी होती फेरारी २५० जीटीओ. दहाच वर्षांपूर्वी, १९६२मध्ये, इनेस आयर्लंड नावाच्या शर्यतपटूने अशीच एक जीटीओ पळवून इंग्लंडमधली टुरिस्ट ट्रॉफी जिंकली होती.

टेक्सास हाही कापसाचाच मुलूख, त्यामुळे पांढरकवड्यात बसून ही हकिगत वाचताना उगाच जरा जवळीक वाटते. पण पुढचे आकडे वाचले की जवळीक संपते. याच मॉडेलची एक गाडी २०१८च्या ऑगस्टमध्ये लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. २०२३च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला दुसरी एक ५ कोटी १७ लाखांना. आणि लिलावाबाहेर, खासगीत, एक जण सात कोटी डॉलर मोजून मोकळा झाल्याची बातमीही २०१८चीच.

मधल्या पन्नास वर्षांत गाडी तीच राहिली. उलट आजच्या साध्या गाडीतही मिळणारी एअरबॅग तिच्यात नाही. मग एवढं बदललं तरी काय?

शर्यतीची गाडी म्हाताऱ्या बैलापेक्षा लवकर बिनकामाची होते. पुढच्या हंगामात कुणीतरी जास्त वेगवान गाडी आणतं आणि कालची विजेती घरी कामाची नसते, बाजारात भावाची नसते. मग सुरू होतो तिचा पडता काळ, आणि माझ्या मते सगळी गंमत या पडत्या काळात आहे. भाव तळाला गेला की लोक गाडीशी कसेही वागतात. इंजिन काढून दुसऱ्या गाडीत टाकतात, पत्रा कापतात, धडक बसली तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त होतो म्हणून सरळ भंगारात घालतात. म्हणजे स्वस्ताईच गाड्यांना मारते, आणि मेलेल्या गाड्याच उरलेल्यांना महाग करतात. २५० जीटीओ मुळात ३६च बनल्या. पण हजारोंनी बनलेल्या मॉडेलांचीही कथा थोड्याफार फरकाने हीच आहे.

यासाठी इटलीला जायची गरज नाही. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरच्या कुठल्याही गावात पन्नाशीच्या माणसासमोर ‘आरएक्स हंड्रेड’ एवढंच म्हणून बघा. यामाहाची ही ९८ सीसीची दोन-स्ट्रोक मोटारसायकल १९८५मध्ये आली आणि धुराच्या नव्या नियमांपुढे टिकाव न लागून १९९६मध्ये बंद झाली. तिचीच थोरली बहीण राजदूत ३५०, म्हणजे आपली ‘आरडी’, १९८३मध्ये आली. त्या काळात तिच्या वेगाला रस्त्यावर जोड नव्हती आणि पेट्रोल पिण्यातही नव्हती. ज्या देशात गाडी घेताना पहिला प्रश्न ‘एव्हरेज किती देते?’ हा असतो, तिथे तिचं काय होणार? दशक संपता संपता ती बंद पडली. कित्येक आरड्या किलोच्या भावाने गेल्या. आज तीच गाडी कागदपत्रांसह आणि मूळ भागांसह उभी असेल तर बोली लाखांत लागते, आणि ‘माझीही होती, पण देल्ली ना भंगारात’ असं सांगणारा हळहळ्या प्रत्येक गावात सापडतो.

यातलं एक सूत्र ध्यानात घेण्याजोगं आहे. गाडी नवी असताना जो पोरगा पंधरा-सोळा वर्षांचा होता, पानठेल्यापाशी उभा राहून तिचा आवाज ऐकत होता आणि खिशात दमडी नव्हती, तो पन्नाशीला येतो. मुलं मार्गी लागलेली, घराचे हप्ते फिटलेले. आता तो बाजारात उतरतो. जुन्या गाडीचा भाव बहुतेक वेळा असा एका पिढीच्या वयाबरोबर चढतो.

युरोप-अमेरिकेत हे अगदी उघड दिसतं. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कितीतरी सुंदर गाड्यांचे चाहते आता थकले, आणि अगदी वरच्या दर्जाच्या सोडल्या तर त्यांना पूर्वीसारखं गिऱ्हाईक राहिलेलं नाही. उलट ज्यांनी लहानपणी भिंतीवर मॅकलॅरन एफ-१चं पोस्टर लावलं ते आता पैसेवाले झालेत. ही गाडी १९९२ ते १९९८ या काळात एकूण १०६ बनली. २०२१मध्ये कॅलिफोर्नियात त्यातली एक दोन कोटी डॉलरच्या वर गेली. ती आयुष्यभरात चालली होती सुमारे ३९० किलोमीटर. इथून हैदराबाद गाठायला जेवढं जावं लागतं, त्याहून थोडंसंच जास्त! गाडी न चालवल्याबद्दल मिळालेला हा पगारच म्हणायचा.

मग दुर्मीळ असलं की झालं का? तसंही नाही. गोव्यात सॅन मोटर्सने नव्वदीच्या अखेरीस ‘स्टॉर्म’ नावाची दोन आसनांची उघडी स्पोर्ट्स कार काढली. फायबरचं अंग, रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन. फार थोड्या बनल्या, रस्त्यावर दिसणं विरळाच. पण तिच्यासाठी लिलावगृहात हात वर होत नाहीत. तिच्या नावावर शर्यत नाही, सिनेमा नाही, आणि मुख्य म्हणजे तिच्यासाठी झुरलेली पोरांची पिढी नाही. गाडी वाईट होती असं नाही. मला तर तिचं धाडस आवडतं. पण नुसत्या कमी संख्येला बाजार विचारत नाही.

बाजार विचारतो तो खरेपणाला. इंजिनावर ठोकलेला नंबर आणि कारखान्याच्या वहीतला नंबर एकच आहे का? आपल्याकडे आरटीओच्या कामासाठी चेसिसवर कागद धरून पेन्सिल घासतात आणि उमटलेले आकडे अर्जाला जोडतात. कोट्यवधींच्या गाडीची तपासणीही मुळात इथूनच सुरू होते. आकड्यांचं वळण त्या वर्षीच्या ठशांसारखं आहे का, दोन आकड्यांतलं अंतर सारखं आहे का, आजूबाजूचं लोखंड घासून पातळ झालेलं नाही ना, हे भिंग लावून बघतात. आरडी-आरएक्सचा जाणकार गिऱ्हाईकही आधी नंबरच बघतो, मग इंजिनाला बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन टाकलाय का ते विचारतो. ज्या गाडीला कधी बोअर मारलेला नाही तिचा रुबाब वेगळा. चकचकीत नवा रंग दिला की भाव वाढतो असं मात्र समजू नका. जुना, उडालेला, पण कारखान्यातून आलेला रंग कित्येकदा जास्त खातो, कारण तो एकदाच लागतो.

भाव सरळ चढतच जातो असंही नाही. १९८७मध्ये शेअर बाजार कोसळला, १९८८मध्ये एन्झो फेरारी वारले, जपानमध्ये पैशाला पूर आला होता. १९८९च्या सुमारास २५० जीटीओ एक कोटी डॉलरच्या पुढे पोचली. मग जपानचा फुगा फुटला आणि नव्वदीच्या मध्याला तीच गाडी तीस लाखांच्या आसपास घुटमळू लागली. पांढरकवड्याच्या बाजारात कापसाला निदान कागदावर तरी हमीभाव असतो. इथे तोही नाही.

आपल्याकडच्या भावावर सरकारी नियमांचाही मोठा हात आहे. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग, होळकरी भगव्या-काळ्या रंगातली, कधीच अमेरिकेत गेली. १९७१मध्ये तनखे बंद झाले आणि संस्थानिकांच्या पागेतल्या अशा कैक गाड्या कवडीमोलाने देशाबाहेर जाऊ लागल्या. मग सत्तरच्या दशकात सरकारने जुन्या गाड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. आयातीत १९५०च्या आधीच्याच गाड्यांना मोकळीक होती, त्यामुळे ३०० एसएल मर्सिडीज किंवा ई-टाइप जॅग्वार बाहेरून आणायचा रस्ता इथल्या शौकिनाला बंदच राहिला. फेब्रुवारी २०२५मध्ये ती अट बदलून पन्नास वर्षांची सरकती अट आली.

त्याआधी जुलै २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं. आणि गाडी रोजच्या वापराला काढायची नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती यांसाठी. नियम दुचाकींनाही लागू आहे. म्हणजे सगळ्यात जुन्या आरडीचा नंबर लागेल २०३३मध्ये, आरएक्सचा २०३५मध्ये. पण ज्यांनी दरम्यान अलॉय व्हील बसवलेत, सायलेन्सर बदललेत, टाकीवर ज्वाळा रंगवल्यात, त्यांना मूळ भाग शोधत भंगारवाल्यांकडे फिरावं लागणार. आणि एमएच २९ची पाटी असलेल्या कुणाच्या ओसरीत अशी गाडी उभी असेलच, तर तोवर तिचं आरसी बुक जिवंत ठेवायला हवं: पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर, दोन्ही वेळच्या वेळी.