ट्रॉम्बोनचा माउथपीस

जळगांव असो वा धुळें, लग्नसराईंत वरातीपुढें बँड नाहीं असें क्वचितच घडतें. त्या बँडांत ट्रॉम्बोन असला म्हणजे बघ्यांची दृष्टि त्याच्या पुढें-मागें सरकणाऱ्या नळीवर खिळते. परंतु नाद उत्पन्न होतो तो तेथें नव्हे. वादकाचे ओठ ज्या लहानशा पितळी वाटींत कंप पावतात, त्या माउथपीसमध्यें नादाचा उगम आहे. हें वाद्य शिकण्याची ज्या विद्यार्थ्यांस हौस असेल, त्यांच्यासाठीं या भागाची थोडी माहिती आम्ही येथें देतों.

माउथपीसचे चार भाग ध्यानांत ठेवावे : ओठांस टेकणारी कड, तिच्या आंतील वाटी, वाटीच्या तळाचें छिद्र म्हणजे गळा, व वाद्यांत बसणारा दांडा. कड रुंद असली तर ओठांवरील भार विभागला जातो व पुष्कळ वेळ वाजवितां येतें. अरुंद असली तर एका स्वरावरून दुसऱ्यावर चपळाईनें जातां येतें. खोल वाटीनें नाद गंभीर होतो व खालचे स्वर सुलभ होतात. उथळ वाटीनें तो तेजस्वी होऊन वरच्या स्वरांस साहाय्य मिळतें. गळा मोठा असला तर नाद भरदार निघतो, पण दमहि अधिक लागतो. तात्पर्य, एक गुण वाढविला कीं दुसरा उणा होतो.

आतां मापें पाहूं. व्हिन्सेंट बाख यांनीं १९१८ सालीं न्यूयॉर्क येथें माउथपीस करण्यास आरंभ केला. त्यांच्या पद्धतींत आंकडा जितका लहान, तितकी वाटी मोठी. '१२ सी' या मापाचा आंतील व्यास सुमारें २४.५ मिलिमीटर, '६॥ एएल'चा सुमारें २५.५, तर बास ट्रॉम्बोनच्या '१॥ जी'चा सुमारें २७ असतो. जपानच्या यामाहा कंपनीचा क्रम याच्या उलट. तेथें ४८ पेक्षां ५१ मोठा. म्हणून केवळ आंकडा पाहून खरेदी करूं नये.

दांडेहि बारीक व जाड असे दोन प्रकारचे असतात. बारीक दांडा मोठ्या नळीच्या वाद्यांत डळमळतो, वारा गळतो व स्वर बिघडतात. जाड दांडा लहान वाद्यांत बसतच नाहीं. आपल्या देशांतील बँडांचीं पुष्कळ वाद्यें मीरतच्या जली कोठी भागांत तयार होतात. तेथून आलेलें असो वा परदेशचें, दांडा वाद्यांत घालून पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत.

ही चिकित्सा निरर्थक नव्हे. वैशाखाच्या उन्हांत तासन्‌तास वाजविणाऱ्या गरीब वादकाचें पोट त्याच्या ओठांवर चालतें. उंच स्वरासाठीं तो माउथपीस जोरानें दाबूं लागला, तर ओठांतील रक्त अडतें, ते बधिर होतात, आणि हें नित्य घडल्यास कायमची इजाहि होऊं शकते. कोणताहि माउथपीस या दाबण्याच्या खोडीवर उपाय नाहीं. दीर्घ श्वास व मंद, लांब स्वरांचा नित्य अभ्यास हाच त्यावर उपाय होय.

नवशिक्यानें '१२ सी' ते '६॥ एएल' यांच्या दरम्यानचें माप घ्यावें व कांहीं महिने तेंच वापरावें. दुसऱ्याचा माउथपीस न धुतां तोंडास लावूं नये. कोमट पाणी व साबण यांनीं तो वरचेवर स्वच्छ करावा. मुलामा उडून पितळ उघडें पडल्यास ओठांस खाज सुटण्याचा संभव असतो, तेव्हां तो बदलावा.