शाफ्ट शेवटी पाण्यात बसतो

श्रीवर्धनच्या जीवना बंदरातल्या यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते आणि इंजिन बदलण्यासारखं मोठं काम या दोन महिन्यांत उरकावं लागतं. इंजिनाचा विचार आधीपासून चाललेला असतो: किती हॉर्सपॉवरचं घ्यायचं, नवं की उघडून बांधलेलं, डिझेल किती पिणार. गिअरबॉक्सपासून पंख्यापर्यंत जाणाऱ्या शाफ्टकडे लक्ष जातं ते सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत आणि उरलेल्या दिवसांत. माझ्या मते खरी कसोटी तिथेच आहे. इंजिन बदललं की शाफ्ट नव्याने मापून त्या होडीपुरता बनवावा, आणि त्याची शेवटची जुळणी होडी पाण्यात तरंगत असतानाच करावी.

ट्रकच्या प्रोपेलर शाफ्टला दोन्ही टोकांना क्रॉस असतात आणि मध्ये सरकणारा जोड असतो. चाक खड्ड्यात गेलं तरी तो वाकडेपणा आणि लांबीतला फरक पोटात घेतो. होडीतला साधा शाफ्ट म्हणजे एकसंध सरळ कांब, तिला अशी सवलत नाही. शिवाय पंखा पाणी मागे ढकलतो तेव्हा होडीला पुढे नेणारा सगळा रेटा याच कांबेतून गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. म्हणून गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन तोंडांमधली फट फिलर गेजने वर, खाली, डावीकडे, उजवीकडे तपासतात. कपलिंगच्या व्यासाच्या दर इंचामागे साधारण एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) एवढाच फरक चालतो. पाच इंची कपलिंगला पाच थाऊ, म्हणजे जेमतेम सव्वाशे मायक्रॉन. मोजताना शाफ्टचं लोंबतं टोक स्वतःच्या वजनाने खाली झुकतं. त्याला नेमका आधार दिला नाही तर सगळं मापच खोटं निघतं. आधार दिल्यावर शाफ्ट पाव फेरा फिरवून पुन्हा मोजायचं. मोठी फट त्याच जागी राहिली तर इंजिन वाकडं बसलंय. शाफ्टबरोबर ती फिरली तर शाफ्ट वाकलाय किंवा कपलिंगचं तोंड नीट खरादलेलं नाही. मला या कामातली ही सर्वांत सुंदर तपासणी वाटते, कारण दोष कुणाचा हे ती वाद न घालता सांगते.

जुना शाफ्ट चांगला असेल तर तो का टाकायचा, हा आक्षेप खर्चाच्या दृष्टीने रास्त आहे. पण हॉर्सपॉवर आणि फेरे तेच ठेवून २:१ चा गिअरबॉक्स काढून ३:१ चा बसवला, तरी शाफ्टवरचा पीळ दीडपट होतो. शाफ्टची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. ४० मिलिमीटरऐवजी ४५ घेतला तर ती सुमारे १.४ पट होते, म्हणजे पाच मिलिमीटर वाढवूनही हिशेब थोडा कमीच पडतो. लांबीचंही तसंच. नवा गिअरबॉक्स दोन इंच पुढे बसला आणि जुनाच शाफ्ट पुढे ओढला, तर शाफ्टभोवती दोरी आवळून पाणी अडवणाऱ्या ग्लँडखाली झिजलेला भाग नेमका नको तिथे येऊ शकतो. दोरी कितीही आवळा, पाणी आत येतच राहतं.

दुसरा युक्तिवाद रबरी कपलिंगचा: ते थोडाफार वाकडेपणा खपवून घेतं. खपवून घेतं हे खरं, पण ते मुख्यतः हादरे शोषण्यासाठी असतं. वाकडा शाफ्ट त्याने दबून गप्प होतो आणि मागचं बेअरिंग व गिअरबॉक्सचं सील हळूहळू खात राहतो. आधी लोखंडी तोंडं जुळवावीत, मग रबर घालावं.

सर्वांत अवघड आक्षेप वेळेचा आहे. बंदी उठायच्या आत होडी तयार हवी, मग पाण्यात उतरवून पुन्हा मापं घेत कोण बसणार? पण होडी किनाऱ्यावर ओंडक्यांवर उभी असते तेव्हा तिचं वजन चार-सहा जागी पेललेलं असतं. पाण्यात ते सगळ्या तळावर पसरतं आणि तळ किंचित आकार बदलतो. लाकडी होडीत तर उन्हात सुकलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगतात. कोरड्यावर पाच थाऊंत बसवलेलं कपलिंग एवढ्याने सहज बाहेर जातं. फायबरच्या होडीत हा फरक कमी, पण डिझेलची टाकी आणि बर्फ भरला की तीही थोडी हलते. मोटारगाडीचं इंजिन बदलतानाही शहाणा मेकॅनिक शाफ्टची लांबी गाडी चाकांवर उभी करूनच मोजतो; जॅकवर टांगलेल्या गाडीचा मागचा एक्सल खाली लोंबलेला असतो आणि माप चुकतं. तेव्हा लाकडी होडी किमान दोन-तीन दिवस पाण्यात भिजू द्यावी, नेहमीचं वजन चढवावं, मग इंजिनाखालच्या पातळ पट्ट्या बदलून शेवटची जुळणी करावी. हे दिवस हवे असतील तर इंजिन आणि शाफ्टचं काम जूनमध्येच सुरू व्हायला हवं.

पहिल्या काही फेऱ्यांनंतर इंजिनाचे बोल्ट बसतात, तेव्हा हेच माप एकदा पुन्हा घ्यावं लागतं. दोरीच्या ग्लँडमधून शाफ्ट फिरताना थेंब थेंब पाणी येणं ठीक. पण थेंब पडत असूनही ग्लँड हाताला गरम लागली, तर ती आणखी आवळू नये, कपलिंग सोडून फिलर पुन्हा घालावा.