लीना लॅमॉन्टचा आवाज कोणाचा?

मूकपटांची लाडकी नायिका लीना लॅमॉन्ट. दिसायला अप्सरा, पण तोंड उघडलं की आवाज चिरका आणि नाकातला. बोलपट आले आणि तिच्या स्टुडिओपुढे पेच पडला, की हिला पडद्यावर बोलू द्यायचं कसं? मग तोडगा निघतो. लीनाने नुसते ओठ हलवायचे. तिच्यासाठी बोलायचं आणि गायचं ते कॅथी सेल्डन नावाच्या नवख्या मुलीने. ‘सिंगिंग इन द रेन’ या १९५२च्या अमेरिकी विनोदी संगीतपटाची गोष्ट या लबाडीभोवती फिरते.

कॅथी मायक्रोफोनसमोर उभी राहून लीनाचे संवाद म्हणते आणि लीनाच्या ओठांवर एक भरदार, घोटीव आवाज येऊन बसतो, असं आपण पाहतो. पण तो आवाज कॅथीचं काम करणाऱ्या डेबी रेनल्ड्सचा नाही. तो जीन हेगनचा आहे, म्हणजे लीनाचंच काम करणाऱ्या अभिनेत्रीचा. हेगनचा खरा आवाज सुरेख होता. चिरकेपणा हा तिचा अभिनय. डेबीच्या बोलण्यात तिच्या भागातली ढब होती आणि लीनाच्या चित्रपटातल्या दरबारी नायिकेच्या तोंडी ती शोभेना, म्हणून दिग्दर्शकांनी हेगनलाच तिच्या नैसर्गिक आवाजात बोलायला लावलं. थोडक्यात, हेगनसाठी डेबी बोलते असं दाखवताना डेबीसाठी हेगन बोलली. पुढे कॅथी लीनासाठी ‘वुड यू?’ हे गाणं गाते, तिथे आणखी एक पदर आहे. तो सूर डेबीचाही नाही आणि हेगनचाही नाही. तो बेटी नॉइस या गायिकेचा आहे.

या चित्रपटाचे किस्से पुष्कळ आहेत. मला हा सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण चित्रपटाची सारी करामत त्यात आहे आणि चित्रपटावर राहिलेलं देणंही त्यातच आहे.

चित्रपटाची घडण उलट्या क्रमाने झाली. आधी गाणी होती, मग नाव ठरलं आणि कथा शेवटी आली. एमजीएम स्टुडिओत संगीतपटांचा विभाग सांभाळणारा निर्माता आर्थर फ्रीड मूळचा गीतकार. संगीतकार नॅसियो हर्ब ब्राउनबरोबर त्याने बोलपटांच्या पहिल्या लाटेत ढीगभर गाणी लिहिली होती. शीर्षकगीत तर ‘हॉलिवूड रेव्ह्यू ऑफ १९२९’ या चित्रपटात येऊन गेलेलं. ही जुनी गाणी गुंफून नवा चित्रपट लिहा, असं फ्रीडने बेटी कॉम्डेन आणि ॲडॉल्फ ग्रीन या लेखकजोडीला सांगितलं. गाणी एकामागून एक ऐकताना दोघांच्या ध्यानात आलं, की यांतली बरीचशी मूकपट संपून बोलपट सुरू होण्याच्या काळातली आहेत. मग कथाही त्याच काळात घडवली तर ती शोभून दिसतील. म्हणून चित्रपट १९२७ सालात जातो. जीन केली आणि स्टॅन्ली डोनेन यांनी मिळून तो दिग्दर्शित केला आणि नायक डॉन लॉकवुडही केलीनेच केला.

६ ऑक्टोबर १९२७ रोजी ‘द जॅझ सिंगर’ प्रदर्शित झाला आणि दोनेक वर्षांत हॉलिवूडचा कारभार मुळापासून बदलला. त्या वेळी गाजलेली व्हायटाफोन पद्धत मोठी नाजूक होती. आवाज फिल्मवर नसे. तो सोळा इंची तबकडीवर असे, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीने फिरणाऱ्या. एक तबकडी साधारण अकरा मिनिटं चाले, म्हणजे फिल्मच्या एका रिळापुरती. प्रक्षेपक आणि तबकडीचं यंत्र एकमेकांना जोडलेलं असलं, तरी सुई एक खाच सोडून पुढे सरकली की चित्र एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. फिल्म मध्येच तुटली, तर तुटलेल्या लांबीइतकाच काळा तुकडा जोडावा लागे, नाहीतर पुढचं सगळं रीळ बेसूर होई. तबकडीही वीसेक खेळांनंतर झिजून बाद. ‘सिंगिंग इन द रेन’मधल्या फसलेल्या पूर्वखेळात नायिकेच्या तोंडी खलनायकाचा जाड आवाज येतो आणि खलनायकाच्या तोंडी नायिकेचा. प्रेक्षक हसून लोळतात. त्या हशामागे हे यंत्र आहे, त्यात फुगवून सांगितलेलं फारच थोडं आहे.

चित्रीकरणाच्या जागी तर याहून बिकट अवस्था. कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोन टिपे, म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही काचेची खिडकी असलेल्या बंद खोक्यात कोंडत. आत हवा नाही. माणूस घामाने निथळत बाहेर येई. मूकपटांच्या अखेरीला कॅमेरा झोक्यावर बसायला, जिने चढायला शिकला होता, तो एकाएकी जागच्या जागी खिळला. नटांचीही तीच गत. मायक्रोफोनपासून तोंड वळवलं की शब्द गायब, त्यामुळे फुलदाणीजवळ जाऊन बोला, टेबलाशी वाकून बोला. पुढे मायक्रोफोन काठीला टांगून नटाच्या डोक्यावरून फिरवण्याची सोय निघाली. १९२९च्या ‘द वाइल्ड पार्टी’च्या वेळी नायिका क्लारा बो हिला मोकळेपणाने हिंडता यावं म्हणून दिग्दर्शिका डोरोथी आर्झनरने तो मासे धरायच्या काठीला बांधला, असं सांगतात.

हे सगळं माहीत असलं, की लीनाच्या पहिल्या बोलत्या दृश्याची मजा दुप्पट होते. मायक्रोफोन झुडपात लपवलेला. लीना मान वळवते आणि अर्धं वाक्य हरवतं. मग तो तिच्या छातीशी शिवतात, तर काळजाची धडधड ऐकू येते. खोक्यात कोंडलेला दिग्दर्शक आतून हात आपटतो. हे प्रसंग रचण्यासाठी केली, डोनेन आणि लेखकांनी स्टुडिओतल्या जुन्या माणसांना गाठून त्यांच्या आठवणी गोळा केल्या. एमजीएमचा ध्वनिविभाग उभा करणारा डग्लस शिअरर अजून तिथेच होता. ज्यांची फजिती झाली होती, तेच आता ती कशी झाली हे दाखवत होते. या विडंबनात कुठे तुसडेपणा नाही, ते यामुळेच.

खऱ्या माणसांच्या सावल्याही यात आहेत. डॉन लॉकवुड प्रेमाची एकच कबुली पुनःपुन्हा देत राहतो आणि प्रेक्षागृह खिदळतं, त्या प्रसंगामागे जॉन गिल्बर्ट आहे. १९२९च्या ‘हिज ग्लोरियस नाइट’मध्ये मूकपटांच्या या देखण्या नायकाच्या प्रेमसंवादांना लोक हसले होते. त्याचा आवाज किरटा होता ही पुढे पसरलेली दंतकथा. त्याचे बोलपट पाहिले तर आवाजात खोट सापडत नाही, खोट त्या संवादांत होती. लॉकवुडच्या हवेलीत गिल्बर्ट आणि ग्रेटा गार्बोच्या ‘फ्लेश अँड द डेव्हिल’मधलं काही सामान वापरलं होतं, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

आता कष्टांविषयी. डेबी रेनल्ड्स तेव्हा १९ वर्षांची होती. कसरतपटू म्हणून तयार, पण नर्तकी नव्हे. आणि गाठ केलीसारख्या कडक गुरूशी. एकदा ती पियानोखाली बसून रडत असताना फ्रेड अस्टेअरने तिला पाहिलं आणि आपल्या सरावाला बसवून घेतलं. नाच म्हणजे किती घाम, हे तिला तिथे दिसलं. ‘गुड मॉर्निंग’ या गाण्याचं काम सकाळी सुरू होऊन रात्री अकराच्या सुमारास संपलं, तेव्हा तिच्या पायांतून रक्त येत होतं. डॉनचा मित्र कॉस्मो याचं काम करणाऱ्या डोनल्ड ओकॉनरचा, भिंतींवर चढून उलट्या मारण्याचा नाच पाहताना आजही छाती दडपते. तो तेव्हा दिवसाला चार पाकिटं सिगारेट ओढायचा. त्या नाचानंतर त्याने अंथरूण धरलं आणि उठल्यावर कळलं, की फिल्म खराब झाल्यामुळे सगळं परत करायचं आहे. त्याने ते परत केलं. ज्या गाण्यावर तो नाचला, त्याची चाल मात्र संगीतकार कोल पोर्टरच्या ‘बी अ क्लाउन’शी इतकी मिळतीजुळती आहे, की तिला योगायोग म्हणणं अवघड. पोर्टर कोर्टात गेला नाही, हा त्याचा मोठेपणा.

आणि शीर्षकगीतात केली ज्यात नाचतो, तो पाऊस. पाऊस दिसावा म्हणून पाण्यात दूध मिसळलं होतं, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ती खरी नाही. पाण्याच्या धारांना मागून उजेड दिला की त्या कॅमेऱ्याला दिसतात, तेच तंत्र इथे वापरलं. स्टुडिओच्या आवारातला रस्ता ताडपत्रीने झाकून भरदिवसा रात्र केली. केलीचं पाऊल जिथे पडायचं, तिथेच डबकं हवं म्हणून फरसबंदीत खड्डे केले. वरून नळांचं पाणी, अंगावर भिजून आकसणारा लोकरी सूट आणि केलीला १०३ अंश ताप. त्या आनंदी चेहऱ्यावर यातलं काहीही उमटत नाही. टॅपचे आवाज मात्र मागाहून भरलेले आहेत, कारण एवढ्या पाण्यात बुटांचा ठेका मुद्रित होणं शक्य नव्हतं. म्हणजे ज्या नाचाला आपण अगदी उत्स्फूर्त समजतो, त्यातही आवाज आणि देह वेगळे आहेत.

बोलपट आले तेव्हा लीनापुढचा पेच आपल्याकडेही पडला. पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स, म्हणजेच मूकपटांच्या राणी सुलोचना, यांच्यावर लीनासारखीच वेळ आली होती. इम्पीरियल कंपनीच्या ‘आलम आरा’ या बोलपटाचा पहिला खेळ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये झाला. त्याच कंपनीच्या सर्वांत मोठ्या तारकेला हिंदुस्थानी नीट बोलता येत नव्हतं. पण त्यांनी उसना आवाज घेतला नाही. भाषा शिकून घेतली आणि ‘माधुरी’मधून त्या पुन्हा पडद्यावर आल्या. ‘आलम आरा’चं चित्रीकरणही झुडपातल्या मायक्रोफोनच्या जातीचंच. स्टुडिओजवळून आगगाडी जायची, म्हणून रुळांवर शांतता असेल अशा उत्तररात्री काम चाले आणि मायक्रोफोन कॅमेऱ्याला दिसणार नाही असा कुठेतरी दडवलेला असे.

पार्श्वगायन आपल्याकडे रुळलं, तरी गाणाऱ्याचं नाव पोचायला वेळ लागला. १९४९च्या ‘महल’मधल्या ‘आएगा आनेवाला’च्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून नाव होतं कामिनी, म्हणजे मधुबालाच्या पात्राचं. ऐकणाऱ्यांनी रेडिओला पत्रं पाठवून विचारलं, ही गाते कोण? तेव्हा लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं. त्यानंतर आपल्याकडे पडद्यामागचा गळा पडद्यावरच्या चेहऱ्याइतकाच मोठा झाला, कधी कधी त्याहूनही. हॉलिवूडमध्ये तसं घडलं नाही. तिथे उसना आवाज ही लपवायची गोष्ट राहिली. ‘द किंग अँड आय’मध्ये डेबोरा करसाठी, ‘वेस्ट साइड स्टोरी’मध्ये नॅटली वुडसाठी आणि ‘माय फेअर लेडी’मध्ये ऑड्री हेपबर्नसाठी गायलेल्या मार्नी निक्सनचं नाव त्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत नव्हतं.

‘सिंगिंग इन द रेन’ २७ मार्च १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये लागला. आठवडाभर आधीच केलीच्या ‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’ने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर नेलं होतं. नव्या चित्रपटाला लोकांनी गर्दी केली, पण पुढच्या वर्षी ऑस्करची नामांकनं मिळाली दोनच आणि पारितोषिक एकही नाही. त्यातलं एक नामांकन साहाय्यक अभिनेत्री म्हणून जीन हेगनचं होतं. ते तिला मिळायला हवं होतं, असं मी ठामपणे म्हणेन. सुंदर आवाजाच्या बाईने सबंध चित्रपटभर कर्कश बोलायचं, त्यातही लीनाला नुसती मूर्ख न करता भेदरलेली, डावपेची, हट्टी बाई उभी करायची, हे सोपं नाही. १९८२ साली ‘साइट अँड साउंड’च्या समीक्षकांच्या जागतिक कौलात हा चित्रपट पहिल्या पाचांत होता. १९८९मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय चित्रपट नोंदणी सुरू केली, तेव्हा पहिल्या पंचवीस चित्रपटांत त्याची निवड झाली.

शेवटच्या प्रसंगात लीना रंगमंचावर ओठ हलवत असते आणि कॅथी मागे उभी राहून गात असते. डॉन, कॉस्मो आणि स्टुडिओचा मालक मिळून मधला पडदा वर ओढतात. कॅथी ओशाळून पळू लागते, तर डॉन भर सभेत सांगतो, की खरी कलावती ती आहे. एवढा न्याय कथेत होतो. पण चित्रपटाच्या स्वतःच्या श्रेयनामावलीत बेटी नॉइसचं नाव नाही. १९४१च्या ‘डम्बो’त हत्तीण आपल्या पिल्लाला जोजवताना जी अंगाई गाते, ‘बेबी माइन’, तोही आवाज तिचाच. त्या गाण्याला ऑस्करचं नामांकन मिळालं आणि तिथेही गायिकेचं नाव नाही. जुन्या फिल्मवर आज नाव कोरता येणार नाही, हे मला कळतं. पण या चित्रपटाची नवी प्रत निघेल, नवी तबकडी निघेल, महोत्सवाची पुस्तिका छापली जाईल, तेव्हा डेबी रेनल्ड्स आणि जीन हेगन यांच्या जोडीने तिसरं नाव छापायला हवं. आपल्याकडच्या चित्रपट मंडळांनी हा चित्रपट दाखवण्याआधीच्या टिपणात ते छापलं, तर त्यासाठी कोणाची परवानगीही लागणार नाही.