शाळेचे दार आणि लसीची सुई

मुलाच्या प्रकृतीची जबाबदारी आईवडिलांवर असते. शिक्षणाचा हक्क मात्र मुलाचा स्वतःचा असतो. आईवडिलांनी लस नाकारली, तर शाळेने मुलास दाराबाहेर ठेवावे काय? 2022 साली चंडीगडमधील अनेक कुटुंबांपुढे हा प्रश्न अचानक उभा राहिला.

पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची राजधानी असलेले हे शहर केंद्रशासित आहे. त्या वर्षी 3 जानेवारीपासून 15 ते 18 वर्षांच्या आणि 16 मार्चपासून 12 ते 14 वर्षांच्या मुलांना कोविडची लस देण्यास देशभर आरंभ झाला. एप्रिलच्या अखेरीस चंडीगड प्रशासनाने आदेश काढला, की 12 ते 18 वर्षांच्या ज्या मुलांनी लस घेतली नसेल, त्यांना 4 मेपासून वर्गात बसता येणार नाही. साथ पसरू नये हा हेतू योग्यच होता. पण निर्णय आईवडिलांचा आणि दंड मुलाला, असा हा प्रकार झाला. शिवाय 14 वर्षांपर्यंतच्या मुलांना शिक्षणाचा हक्क आपल्या राज्यघटनेनेच दिलेला आहे.

ही मुदत संपण्याच्या दोनच दिवस आधी, 2 मे रोजी, डॉ. जेकब पुलियेल या बालरोगतज्ज्ञांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. न्या. नागेश्वर राव आणि अमरावतीचे न्या. भूषण गवई यांनी तो दिला. स्वतःच्या शरीरावरील अधिकार हा घटनेच्या एकविसाव्या कलमात अंतर्भूत आहे, म्हणून कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्याचबरोबर समाजाच्या आरोग्यासाठी शासन वाजवी निर्बंध घालू शकते, हेही मान्य केले. मात्र रुग्ण कमी असताना लस न घेतलेल्यांवरील निर्बंध मागे घ्यावेत, अशी सूचना शिक्षणसंस्थांसह सर्वांना केली. मुलांना लस देण्याच्या धोरणात न्यायालयाने हात घातला नाही. चाचण्यांचे निष्कर्ष जनतेपुढे ठेवा, एवढेच बजावले.

जुना अनुभव

हा वाद नवा नाही. हिंदुस्थानात देवीची पहिली लस 14 जून 1802 रोजी मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला टोचण्यात आली. पुढे मुंबई शहरासाठी 1877 मध्ये आणि देशातील काही नगरपालिका व छावण्यांसाठी 1880 मध्ये सक्तीचे कायदे झाले. इंग्लंडने 1853 मध्ये तान्ह्या मुलांना लस टोचण्याची सक्ती केली. परंतु लोकांचा विरोध इतका वाढला, की 1898 मध्ये सद्सद्विवेकबुद्धीने हरकत घेणाऱ्या आईवडिलांना सूट द्यावी लागली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने उलट वाट धरली. गोवराच्या साथीनंतर 2015 मध्ये तेथे कायदा होऊन, केवळ वैयक्तिक मतामुळे शाळेत मिळणारी सवलत काढून घेण्यात आली.

आपल्या देशात नित्याच्या लसींसाठी शाळाप्रवेशाची अशी देशव्यापी अट नाही. येथील काम संमतीवर चालते. जानेवारी 2019 मध्ये दिल्लीतील शाळांमध्ये गोवर-रुबेलाची लस द्यावयाची होती, तेव्हा पालकांची स्पष्ट संमती घेतलीच पाहिजे, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने दिला. दुष्परिणाम सांगितले तर पालक बिचकतील, हा युक्तिवाद न्यायालयाला पटला नाही.

हक्काची दुसरी बाजू

तथापि नाही म्हणण्याचा हक्क मिळाला, म्हणजे नाही म्हणणे शहाणपणाचे ठरले असे नव्हे. गोवर हा अत्यंत संसर्गजन्य रोग आहे. तो रोखण्यासाठी शंभरापैकी सुमारे पंच्याण्णव मुले संरक्षित असावी लागतात. कोविडच्या काळात नित्याचे लसीकरण मागे पडले आणि 2022 च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, तसेच भिवंडी व मालेगाव येथे गोवराने उचल खाल्ली. त्यात काही बालकांना प्राणास मुकावे लागले. रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलास गोवराची लस देता येत नाही. त्याचे रक्षण त्याच्या शेजारच्या बाकावरील मुलाने घेतलेल्या लसीवर अवलंबून असते. म्हणून आपल्या घरातील नकार हा आपल्या घरापुरता राहत नाही.

यासाठी सुजाण पालकांनी संमतिपत्र न वाचता त्यावर सही करू नये, आणि न वाचता ते परतही करू नये. कोणती लस, कोणत्या रोगावर, किती मात्रा, टोचल्यावर ताप आल्यास काय करावे, हे निःसंकोच विचारावे. मुलास पूर्वी एखाद्या लसीचा त्रास झाला असेल, मोठा आजार असेल, तर ते आधी सांगावे. लसीकरणाचे कार्ड घरच्या महत्त्वाच्या कागदांबरोबर जपून ठेवावे.

शाळांनीही फर्मान काढण्याऐवजी पालकांची सभा बोलवावी आणि तेथे डॉक्टरांना प्रश्न विचारू द्यावेत. ज्याच्या घरून होकार आला नाही, त्या मुलाला वर्गात वेगळे पाडू नये. त्याचे आईवडील आज शंकित असतील. मूल शाळेत येत राहिले, तर त्यांच्याशी पुन्हा बोलण्याची संधी तरी राहते. दार बंद केले, की मुलाची शाळाही जाते आणि ती संधीही.