बाळाच्या कमरेवरील गाठ : आधी एमआरआय, मगच शस्त्रक्रिया

वाराणसीतील काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या सर सुंदरलाल रुग्णालयासारख्या न्यूरोसर्जरी विभाग असलेल्या रुग्णालयांत मज्जारज्जूला चिकटलेल्या चरबीच्या गाठीवर उपचार केले जातात. हा विकार बहुधा जन्मजात असतो. बाळाच्या कमरेवर मध्यभागी मऊ उंचवटा, केसांचा पुंजका वा खळी ही त्याची बाह्य चिन्हे होत. गाठ कर्करोगाची नसते. मात्र मूल वाढताना मज्जारज्जूवर ताण येऊन पाय दुर्बल होऊ शकतात, लघवीवरील ताबा सुटू शकतो. एमआरआय न करता वरवरची गाठ काढल्यास नसांना इजा होण्याचा धोका असतो. सूक्ष्मदर्शकाखाली मज्जारज्जू मोकळा करणे हे शस्त्रक्रियेचे मुख्य उद्दिष्ट असून नसांत गुंतलेली चरबी प्रसंगी तशीच ठेवावी लागते. गेलेली शक्ती पूर्णपणे परत येईलच असे नसल्याने वेळीच निदान होणे महत्त्वाचे ठरते.