प्रवाशांचं वेळापत्रक सांगणारा खडक

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात स्वीटवॉटर नदीकाठच्या माळावर ग्रॅनाइटचा एक एकाकी घुमटाकार खडक आहे. नाव इंडिपेंडन्स रॉक. उंची सुमारे ४० मीटर आणि घेर दीड किलोमीटरहून अधिक. १८४० ते १८६० च्या दशकांत ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या बैलगाड्यांचे तांडे इथे मुक्काम करत. मिसुरी नदी सोडून तोवर सुमारे १,३०० किलोमीटर झालेले असत. ४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकी स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास इथे पोहोचलं, तर पश्चिमेकडच्या डोंगरखिंडी बर्फाने बंद होण्याआधी पार करता येतील, असा हिशेब होता.

खडकाला हा गोल आकार आला कसा? ग्रॅनाइट जमिनीखाली खोलवर, प्रचंड दाबाखाली तयार होतो. वरचे थर झिजून गेले की दाब हटतो, खडक किंचित प्रसरण पावतो आणि पृष्ठभागाला समांतर भेगा पडतात. मग कांद्याच्या पापुद्र्यांसारखे त्याचे थर सुटत जातात. कोपरे आधी झिजतात; उरतो तो घुमट.

प्रवाशांनी या खडकावर हजारो नावं कोरली. काहींनी गाडीच्या आसाचं वंगण किंवा डांबर वापरून ती रंगवली. रंगवलेली बहुतेक नावं ऊन-पावसाने पुसली. कोरलेल्यांपैकी अनेक आजही वाचता येतात, पण त्यांच्यावर दगडफूल पसरतंय आणि पापुद्रे सुटणंही थांबलेलं नाही. ज्या प्रक्रियेने खडक घडवला, तीच आता त्यावरचा इतिहास खरवडते आहे.