दुबळ्या आकर्षणाच्या मुलखात

यवतमाळच्या पठारावर पायाखाली जो काळा पाषाण लागतो, त्याच जातीच्या पाषाणात पश्चिमेकडे लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर एका अशनीने पाडले, आणि २२ मे २०१२ रोजी भर दिवसा काटोल परिसरात अशनींचा वर्षाव झाला. तेव्हा आकाशातून पडणारे दगड विदर्भास नवखे नाहीत. परंतु आपण होऊन त्यांच्या भाऊबंदांकडे यान धाडावयाचे झाल्यास ते कसे हाकावे, हा प्रश्न निराळा आणि, माझ्या मते, अधिक मनोरंजक आहे.

गोल जितका लहान तितकी त्याची प्रदक्षिणा सुलभ, अशी समजूत सहज होते. वस्तुस्थिती उलट आहे. अमेरिकेच्या ‘ओसायरिस-रेक्स’ यानाने ३१ डिसेंबर २०१८ रोजी सुमारे ४९० मीटर व्यासाच्या बेन्नू लघुग्रहाभोवती कक्षा धरली, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला अवघा पाच सेंटिमीटर होता, आणि एका फेरीस अडीच दिवस लागत. आकर्षणाचा अंमल जेथे इतका दुबळा, तेथे सौरपंखांवर पडणाऱ्या उन्हाचा दाब, जो एरवी हिशेबातील किरकोळ बाब असतो, तोच यानास कक्षेबाहेर ढकलू पाहतो. म्हणून दिवस-रात्रीच्या सीमारेषेवरून, सूर्याच्या दिशेशी काटकोन करून जाणारी कक्षा निवडण्याची तजवीज करावी लागली.

खरी कसोटी नमुना उचलताना लागली. पृष्ठभाग वाळूचा असेल या भरवशावर लेसरने अंतर मोजीत उतरावयाचे ठरले होते. जवळ जाऊन पाहतात तो जिकडेतिकडे धोंडेच धोंडे! संदेश पोहोचण्यास साडेअठरा मिनिटे लागत असल्याने पृथ्वीवरून ऐनवेळी हुकूम देणे अशक्य. सबब मोजणीदार जसा हद्दीच्या दगडांवरून जागा मुक्रर करतो, तसे यानाने टिपलेल्या छायाचित्रांतील धोंडे व खळगे दप्तरातील नकाशाशी ताडून आपले ठिकाण स्वतःच ठरवावे, आणि धोका दिसल्यास माघार घ्यावी, ही पद्धत पत्करण्यात आली. २० ऑक्टोबर २०२० रोजी यान नियोजित बिंदूपासून मीटरभराच्या आत टेकले. भूमी मात्र इतकी सैल निघाली की त्याचा हात सुमारे अर्धा मीटर आत रुतला.

धूमकेतू याहून लहरी. युरोपच्या ‘रोझेटा’ यानास ६७पी धूमकेतूच्या धुळीचे कण ताऱ्यांसारखे भासू लागले, आणि मार्च २०१५ मध्ये त्याची दिशाभूल होऊन नित्याचे कामकाज बंद पडले. त्यामुळे १३ ऑगस्टला धूमकेतू सूर्याच्या सर्वांत निकट आला, म्हणजे निरीक्षणाची सर्वांत मोलाची घटका आली, तेव्हा जे यान आदल्या वर्षी दहा किलोमीटरांवरून त्याच्याभोवती फिरले होते, ते तीनशे किलोमीटरांपलीकडे ठेवणे नियंत्रकांस भाग पडले.